‘घरगुती कारण’ : आमच्या कॉलेजच्या संचालक मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव, संचालक मंडळाचे सर्व सदस्य
आणि मा. प्राचार्य

विषय : प्रवेश, अनुदान आणि कॉलेजमधलं वातावरण याबद्दल १५ ऑगस्टला वाचून दाखवलेला आढावा

सप्रेम नमस्कार.

यंदा झेंडावंदन झाल्यावर प्राचार्यांनी कॉलेजचा आढावा वाचला, तेव्हा मी मागे चिंचेखाली उभा होतो. प्रवेश समाधानकारक झाले आहेत, अनुदानाबाबत शासनस्तरावर पाठपुरावा सुरू आहे, परिसरात चैतन्याचं वातावरण आहे, असं त्यात होतं. टाळ्या झाल्या, जिलबी वाटली गेली. माझ्या शेजारी एक पालक उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, “भाऊसाहेब, म्हणजे यंदा बी.ए.ला पोरं किती आली?”

मला सांगता आलं नाही. १९८८ ते २०२२ मी याच कॉलेजच्या कार्यालयात काम केलं. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. त्या काळात हा आकडा कुणी झोपेतून उठवून विचारला असता, तरी मी शाखेनिहाय आणि मुलं-मुली वेगळे करून सांगितला असता. आज कार्यालयात विचारलं तर म्हणतात, साहेबांना विचारा. साहेब म्हणतात, संस्थेला कळवलंय. म्हणून संस्थेलाच लिहितो आहे. उघड लिहितो आहे, कारण ज्यांच्या मुलांबद्दल हे आहे त्यांच्याही ते वाचनात यावं.

आधी एक कबुली देतो. टी.सी.च्या नमुन्यात ‘महाविद्यालय सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. शिक्षण पूर्ण झालेल्यांचं सोपं असतं. दुसऱ्या कॉलेजला जाणाऱ्यांचंही. राहिलेल्या सगळ्यांपुढे मी वर्षानुवर्षं दोनच शब्द लिहिले : ‘घरगुती कारण’. माझ्या आधीचे हेडक्लार्क तेच लिहायचे, त्यांनी मला तेच शिकवलं.

एक मुलगी मला विसरता येत नाही. तांड्यावरची होती, बारावीला फर्स्ट क्लास. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना दसऱ्यानंतर वडिलांबरोबर टी.सी. काढायला आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुणपत्रकं घडी न घालता नीट ठेवलेली. लग्न ठरलं होतं आणि ऊसतोडीच्या मुकादमाकडून नवरा-बायकोच्या जोडीच्या नावानं उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली होती. कारखाना पेटला की नवऱ्याबरोबर कोयता धरायचा होता. वडील खिडकीपासून चार पावलं लांब, खाली बघत उभे. तिनं रजिस्टरवर सही केली, पेन परत दिलं आणि विचारलं, “सर, परत आले तर घ्याल का?” मी म्हणालो, “घेऊ की. गॅपचं प्रमाणपत्र आण फक्त.” ती गेली आणि मी रकान्यात लिहिलं, घरगुती कारण. ती परत आली नाही. मीही पुढं कधी विचारलं नाही.

त्या दोन शब्दांत काय काय गेलं ते मी आता मोजायला बसलो आहे. लग्न गेलं, ऊसतोड गेली. शिष्यवृत्ती वेळेत न आल्यामुळे परीक्षा फॉर्मची फी भरता न आलेली मुलं गेली. इंग्रजीला दिवाळीपर्यंत शिक्षकच नव्हता म्हणून कंटाळून गेलेली गेली. गावची एस.टी. बंद झाली म्हणून घरी बसलेल्या मुली गेल्या. २०२१-२२ च्या हिवाळ्यात संप लांबला तेव्हा तर वर्गच्या वर्ग रिकामे पडले होते. संस्थेच्या बैठकीत गळतीचा विषय निघाला की आम्ही हेच रजिस्टर पुढं करायचो. मंडळ म्हणायचं, घरगुती कारणांना आपण काय करणार? विषय संपायचा. चूक मंडळाची एकट्याची नव्हती. आम्ही तुम्हाला माहितीच तशी देत होतो. ही चूक पुढे चालू राहू नये, एवढ्यासाठी हे सगळं लिहिणं.

आता प्रवेशाचं. ‘समाधानकारक’ म्हणजे किती, हा पहिला प्रश्न. पण नुसता प्रवेशाचा आकडाही पुरा पडत नाही, हे खिडकीमागे बसलेल्या माणसाला ठाऊक असतं. जुलै-ऑगस्टमध्ये नावं लागतात तो एक आकडा. परीक्षेचे फॉर्म भरले जातात तो दुसरा, आणि तो नेहमी कमी असतो. मंगळवारी सकाळी साडेनऊला वर्गात प्रत्यक्ष बसलेली मुलं हा तिसरा. तुमच्यापर्यंत पहिला पोचतो. कॉलेज तिसऱ्यावर चालतं.

अकरावी-बारावी सायन्सला तर ही तफावत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आहे. नाव आपल्या पटावर, मुलगा लातूरला क्लासमध्ये, आणि आपल्याकडे येणार फक्त प्रॅक्टिकलच्या परीक्षेला. हे सगळ्या राज्यात चाललं म्हणूनच २०१८ मध्ये शासनानं विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. आपलं यंत्र ऑफिसच्या दाराशी बसवलं होतं. माझ्या निवृत्तीपर्यंत त्यावर धूळ होती. पालकांनी क्लास निवडला याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या मुलांना धरून पट भरला असं आपण म्हणतो, तेव्हा जी मुलं खरोखर रोज येतात, ज्यांना क्लास परवडत नाही, त्यांच्यासाठी प्रयोगशाळेत काय आहे हे विचारायचं राहून जातं. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. आपल्याला कोणत्या गावांतून पसंती आली आणि कोणत्या गावांनी आपलं नाव टाकलंच नाही, हे आता कागदावर मिळू शकतं. एखाद्या संध्याकाळी कुणीतरी ती यादी घेऊन बसायला हवं.

बी.सी.ए., बी.बी.ए.चीही गोष्ट अशीच. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत गेले आणि प्रवेशाला सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, आली. मोठ्या शहरात ही बातमी जानेवारीतच पोचली असेल. आपल्या तालुक्यातल्या मुलांना ती जूनमध्ये फॉर्म घ्यायला आल्यावर कळली. परीक्षा होऊन गेली होती. एक आई मला रस्त्यात भेटून म्हणाली, “आधी कुणी सांगितलं असतं तर जिल्ह्याला नेऊन बसवलं असतं परीक्षेला.” हे सांगायचं काम कुणाचं होतं? दहावी-बारावीच्या शाळांत आपला एक माणूस डिसेंबरात जाऊन आला असता तरी पुरे होतं.

आणि नव्या शैक्षणिक धोरणाचं. आपल्यासारख्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला लागू झालं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर. मुलं गोंधळलेली आहेतच, पालक त्याहून जास्त. चहाच्या टपरीवर विचारतात, डिग्री आता चार वर्षांची झाली ना? मग नको बी.ए. खरं तर तीन वर्षांची पदवी आहे तशीच आहे. चौथं वर्ष ऑनर्ससाठी. आणि एका वर्षानंतर शिक्षण सोडावं लागलं, तर ठरलेले क्रेडिट, म्हणजे पुऱ्या केलेल्या अभ्यासाची एककं, आणि वरचा एक छोटा कौशल्य अभ्यासक्रम पुरा केल्यावर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनंतर पदविका. मिळवलेले क्रेडिट खात्यात राहतात आणि परत येऊन पुढचं वर्ष सुरू करता येतं.

हे वाचलं तेव्हा मला ती तांड्यावरची मुलगी आठवली. तिनं जे विचारलं होतं, त्याचं उत्तर आता नियमातच लिहिलेलं आहे. पण टी.सी. न्यायला येणाऱ्या मुलीला हे खिडकीवर कुणी सांगतं का? मागच्या महिन्यात मी दोन तास कार्यालयात बसलो होतो. तीन टी.सी. गेल्या. कुणी सांगितलं नाही. खिडकीवरच्या मुलाला तरी कुठं कुणी सांगितलं आहे? तो कंत्राटी आहे, त्याच्याकडे दोन टेबलं आहेत.

अनुदानाबद्दल गावात फार गैरसमज आहेत. लोकांना वाटतं, कॉलेज अनुदानित म्हणजे सरकार सगळं देतं. सरकार मंजूर पदांवरच्या माणसांचे पगार देतं. इमारत, प्रयोगशाळेतली रसायनं, पाणी, सफाई, ग्रंथालयाची वर्गणी यासाठी वेतनेतर अनुदान किती आणि कधी येतं, हे आपल्याच हिशेबनिसाला विचारा. बाकी सगळं मुलांच्या फीमधून आणि संस्थेच्या खिशातून चालतं. हे पालकांना कधी समजावून सांगितलंच नाही, म्हणून पावतीवर ‘इतर फी’ दिसली की त्यांना वाटतं संस्था लुटते. संस्थेचं नाव विनाकारण खराब होतं.

आणि प्रवेशाचा अनुदानाशी थेट संबंध आहे, तो तर कुणीच सांगत नाही. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचा कार्यभार लागतो. मुलं घटली की विषयाची तुकडी जाते, तुकडी गेली की तास जातात, तास भरले नाहीत की पद जातं. एकदा गेलेलं पद परत येताना मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही. भूगोलाचे सर निवृत्त झाले तेव्हा तिसऱ्या वर्षाला ९ मुलं होती. त्या जागी तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच पैसे मिळणारे, शिक्षक आले, ते आजही आहेत. चांगले आहेत. सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास झालेले, नकाशा काढायला लागले की मुलं श्वास रोखून बघतात. सकाळी आपल्याकडे दोन तास घेतात आणि अकराला मोटारसायकलवर दुसऱ्या कॉलेजला जातात. त्यांचं हजेरी रजिस्टर वेगळं आहे. स्टाफरूममध्ये त्यांना ठरलेली खुर्ची नाही; खिडकीच्या कट्ट्यावर डबा उघडतात. बिलं वर जातात, त्रुटी निघून खाली येतात, परत वर जातात, आणि मार्चमध्ये शिकवलेल्या तासांचे पैसे पावसाळ्यात हातात पडतात. उन्हाळ्यात तर तास नाहीत म्हणजे पैसेही नाहीत.

नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्यानं २०८८ सहायक प्राध्यापकांची पदं भरायला परवानगी दिली. तेव्हा मी रोस्टरची, म्हणजे आरक्षणानुसार पदं दाखवणारी, फाईल स्वतः तयार केली होती. त्यापुढचं सगळं तुमच्या हातात असतं असं मी म्हणत नाही. पण किती पदं मंजूर, किती भरलेली, किती रिकामी, फाईल कोणत्या टेबलावर कधीपासून आहे, एवढं तरी सांगता येतं. ‘पाठपुरावा सुरू आहे’ या वाक्याला तारीख नसते. तारीख दिली तर कदाचित गावातलेच चार लोक तुमच्याबरोबर उच्च शिक्षण सहसंचालकांकडे यायला तयार होतील. मी येईन.

शिष्यवृत्तीबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण आयुष्याची अनेक वर्षं मी त्यात घालवली. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, ओबीसी-व्हीजेएनटीची, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची फी सवलत, सगळं आता ऑनलाइन आहे. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला येतो, तिथून प्राचार्यांच्या, तिथून समाजकल्याणच्या किंवा ज्या त्या खात्याच्या. कुठेही एक कागद धूसर दिसला की अर्ज परत. परत आल्याचा मेसेज ज्या मोबाइलवर जातो तो मोबाइल बहुतेक वेळा नेट कॅफेवाल्याचा किंवा भावाचा असतो. भाऊ पुण्याला कंपनीत. मुलीला कळतं तेव्हा मुदत संपलेली असते. आधार दुसऱ्याच बँकेला जोडलेलं असेल तर पैसे तिकडं जातात. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. खात्यात पैसे आले की घरात त्या दिवशीची सगळ्यात मोठी गरज कोणती, ते कॉलेजला माहीत नसतं. खत असतं, दवाखाना असतो. मग फी थकते आणि मुलगी खिडकीसमोर यायचंच टाळते.

मी असताना आम्ही एक केलं होतं. शिपाई मामांसकट तिघं जण सप्टेंबरातले तीन शनिवार बसायचो; परत आलेल्या प्रत्येक अर्जाच्या मुलाला वर्गातून बोलावून, समोर बसवून अर्ज दुरुस्त करून घ्यायचो. त्यासाठी वरून आदेश लागला नाही, पैसे लागले नाहीत. आज किती अर्ज परत आलेले आणि पडून आहेत, हे आढाव्यात असायला हवं होतं. मला विचाराल तर पहिल्या ओळीत.

एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती कायम निसटते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी १०० टक्के माफ झाली. फार चांगलं झालं. पण ती माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, आपल्या नेहमीच्या बी.ए., बी.एस्सी.ला नाही. गावात मात्र ‘मुलींचं शिक्षण फुकट’ एवढंच पोचलं. मुली खिडकीवर येतात, फीचा आकडा ऐकतात आणि आपण खोटं बोलतो असं समजून परत जातात. प्रवेशाच्या खिडकीवर चार ओळींचा फलक लावायला काय खर्च येतो?

‘चैतन्याच्या वातावरणा’बद्दल मी थोडंच बोलेन. स्नेहसंमेलनात डीजे लागतो, त्याचे फोटो सुंदर येतात. पण कॉलेजमधलं वातावरण आपल्याकडे एस.टी.चं वेळापत्रक ठरवतं. निम्म्याहून जास्त मुली सकाळी सव्वासातच्या गाडीनं येतात आणि पावणेएकच्या गाडीनं जातात. ग्रंथालय उघडतं साडेदहाला. व्हॉलीबॉल चारला. वक्तृत्व मंडळ, भित्तिपत्रक, एन.एस.एस.ची बैठक, सगळं दुपारी. म्हणजे जे जे कॉलेज म्हणून आठवणीत राहावं ते बहुतेक सगळं त्या मुली गेल्यावर सुरू होतं. लेडीज रूमला बहुतेक वेळा कुलूप असतं आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर. मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. का, ते मी इथं लिहायला नको.

फार वर्षांपूर्वी एका प्राचार्यांनी आगार व्यवस्थापकांना पत्र दिलं, स्वतः दोनदा जाऊन बसले आणि दुपारची गाडी पाऊण तास पुढं ढकलून घेतली. त्या वर्षी वाचनालयात उभं राहायला जागा नसायची. ग्रंथपाल बाईंनी सतरंज्या मागवल्या होत्या. माझ्या सगळ्या नोकरीत कॉलेजच्या भल्याचं इतक्या स्वस्तात झालेलं दुसरं काम मला आठवत नाही.

हे सगळं मागायचा मला काय अधिकार, असं कुणी म्हणेल. जुन्या हॉलच्या भिंतीवर देणगीदारांची फरशी आहे. तिच्यावर वरच्या भागात रुपये आहेत, खालच्या भागात ‘ज्वारी २ पोती’, ‘ज्वारी १ पोतं’ अशी नावं आहेत. मराठवाड्यातल्या मुलाला कॉलेजसाठी एके काळी हैदराबाद गाठावं लागायचं. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं, १९५८ मध्ये विद्यापीठ आलं, आणि मग हळूहळू तालुक्याच्या गावांनी आपापल्या ज्वारीवर कॉलेजं उभी केली. त्या फरशीवरच्या एक पोतंवाल्यांची नातवंडं आज पहिल्या वर्षाला आहेत.

कायद्यातही सोय आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. अध्यक्ष, सचिव, शिक्षक, शिक्षकेतर प्रतिनिधी, बाहेरचे चार स्थानिक सदस्य, त्यात निदान एक माजी विद्यार्थी, आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष-सचिव. वर्षातून किमान ४ बैठका. अंदाजपत्रक, प्रवेश, विद्यार्थ्यांच्या सोयी, सगळं तिच्यापुढं यायला हवं. आपली समिती कागदावर आहे, इतिवृत्तही लिहिलं जातं; मीच लिहायचो. सह्या बहुतेक वेळा घरी जाऊन घेतल्या जायच्या. विद्यार्थी प्रतिनिधीला बैठकीची तारीखच कळायची नाही. शिवाय शासनाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेनं कुणी अर्ज करण्याची वाट न बघता स्वतःहून माहिती खुली करावी, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं, तेही २००५ पासून. मला अर्ज करायचा नाही. ज्या कार्यालयात आयुष्य गेलं, तिथं दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज देण्याची वेळ माझ्यावर येऊ नये.

मागणी साधी आहे. सप्टेंबरअखेर आणि फेब्रुवारीअखेर, वर्षातून दोनदा, एक कागद कॉलेजच्या फाटकाशी लावा आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. विषयवार किती प्रवेश, त्यातले किती परीक्षेला बसले, किती सोडून गेले आणि खरोखर का गेले. पदं किती रिकामी, तासिकावाल्यांचे पैसे कधीपासून थकलेले. शिष्यवृत्तीचे किती अर्ज अडकलेले. फी किती जमली, कशावर गेली. आकडे वाईट असतील तर वाईटच लावा. लोक नावं ठेवतील, दोन दिवस. मग विचारायला येतील की आम्ही काय करू शकतो. दुष्काळात याच लोकांनी कॉलेजच्या विहिरीचा गाळ काढला होता.

टी.सी.च्या त्या रकान्याचं काम मी अंगावर घ्यायला तयार आहे. मानधन नको, एक खुर्ची आणि एक फोन द्या. दिवाळीची सुट्टी संपली की सोमवार ते गुरुवार, अकरा ते एक मी कार्यालयात येऊन बसेन आणि गेल्या पाच वर्षांत ज्यांच्या नावापुढे ‘घरगुती कारण’ आहे त्या एकेकाच्या घरी फोन लावीन. नंबर लागला नाही तर गावच्या पोस्टमनला माहीत असतं. जुनी रजिस्टरं रेकॉर्ड रूममध्ये दारामागच्या लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात आहेत. कपाटाची किल्ली मी निवृत्त होताना मोठ्या बाबूंच्या टेबलाच्या उजव्या खणात ठेवली होती. फक्त पावसाळ्यात त्या खोलीत ओल येते. रजिस्टरं निदान एकदा उन्हात काढून घ्या.

आपला,
निवृत्त कार्यालयीन अधीक्षक